ब्रेकवरचा पाय

"चप्पल अडकली म्हणायचं. बास, एवढंच," असं हळू आवाजात सांगून अण्णाराव काचेच्या दाराकडे बघत हसले, कारण दारातून गाडीच्या कंपनीचे साहेब आत येत होते.

ग्यानोबा हसला नाही. नांदेडच्या त्या शोरूममधल्या गुबगुबीत खुर्चीच्या अगदी कडेला तो बसला होता, पट्टी बांधलेला उजवा पाय पुढे पसरून. तरणेपणापासून त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या, आणि त्यातली निम्मी वर्षं जळकोटच्या या अण्णारावांकडेच गेली होती. इतक्या वर्षांत कुणाच्या शेरडालासुद्धा आपल्या गाडीचा धक्का लागला नाही, हे तो चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगायचा. आता ते सांगायची सोय राहिली नव्हती.

साहेब पुण्याहून आले होते. वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी आधी चहा मागवला, मग ग्यानोबाच्या पायाची चौकशी केली, आणि मग समजुतीच्या सुरात सांगायला लागले. गाडी आमच्या इंजिनिअरांनी नीट तपासली आहे. ब्रेकमध्ये काही दोष नाही. अशा वेळी माणूस घाबरतो, पाय भलतीकडेच पडतो, नाहीतर चप्पल पेडलखाली अडकते. यात कुणी मुद्दाम काही केलं असं कंपनी म्हणत नाही. तुमच्या ड्रायव्हरने तेवढं सांगितलं की विषय मिटला, आणि जुने गिऱ्हाईक म्हणून अण्णारावांना याच मॉडेलची दुसरी नवी गाडी.

सगळ्यांचंच भलं होतं यात. फक्त दूधवाल्या मन्मथला कुणी विचारलं नव्हतं. तो सरकारी दवाखान्यात मांडीत सळई घालून पडला होता.

आठवड्यापूर्वीची गोष्ट. अण्णारावांच्या आईला, केवळाबाईंना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला घेऊन ग्यानोबा सकाळीच जळकोटहून निघाला होता. म्हातारी शेजारच्या सीटवर बसून सुनेच्या तक्रारी सांगत होती. कंधारच्या अलीकडे उतार लागला, पुढे वळण, आणि वळणावर दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल. ग्यानोबाने ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल खाली जाईना. पायाखाली दगड यावा तसं ते घट्ट झालं होतं. त्याने सगळा जीव पायात आणला, तरी गाडी आपली पळतच. शेवटी त्याने स्टिअरिंग ओढून गाडी सोयाबीनच्या गंजीत घातली. पण त्याआधी मोटारसायकलला मागून धक्का बसलाच. मन्मथची मांडी मोडली, केवळाबाईंचा हात मोडला. ग्यानोबाच्या तळपायातली दोन हाडं मोडली, ती कशावर आपटून नाही, तर पेडल दाबून. डॉक्टरनेच तसं म्हटलं होतं.

आणि पेडल घट्ट होतंय हे काही त्या दिवशी नवीन नव्हतं. गार सकाळी उतारावर असं होतंय म्हणून ग्यानोबा दोनदा याच शोरूमच्या मागच्या गॅरेजात गाडी घेऊन आला होता. दोन्ही वेळा तिथल्या पोरांनी चार चकरा मारल्या, गाडी धुऊन दिली आणि म्हणाले, "काका, गाडी ठणठणीत आहे. तुम्हाला जुन्या गाडीची सवय." अण्णारावांनाही त्याने सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "मग जरा दमानं चालवत जा की." आता तेच अण्णाराव त्या सांगण्यावर मिठाची गुळणी धरून बसले होते. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं म्हटलं की वांगं गरिबाच्या परड्यातलंच लागतं.

पण चपलेचं नाव काढून त्यांनी नको तिथे हात घातला होता. ग्यानोबा गाडीत कधी चप्पल घालत नसे. पैलवान जसा चपला बाहेर काढून आखाड्यात उतरतो, तसा तो चपला काढूनच गाडीत चढायचा. चपला पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून मागे डिकीत. जिच्यावर पोट भरतं तिच्यावर चपलेचा पाय द्यायचा नाही, हे त्याला शिकवणाऱ्या उस्तादाने सांगितलं होतं आणि ते त्याने इमानाने पाळलं. जळकोटच्या स्टँडवर यावरून त्याची टिंगल व्हायची. मे महिन्यात तापलेल्या पेडलवर पाय भाजायचे, तरी गडी ऐकायचा नाही.

त्याची मुलगी महामाया लातूरला नर्स आहे. तिला हे अजिबात आवडत नसे. ग्यानोबाचा बाप अण्णारावांच्या दारावरून जाताना चपला काढून हातात घ्यायचा, घ्यायलाच लागायच्या. ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. "बाबा, आजोबांनी जन्मभर चपला हातात घेतल्या आन् तुम्ही त्याच लोकायच्या गाडीत अनवाणी बसता," असं ती एकदा तडकून म्हणाली होती. ग्यानोबाने तिला शांतपणे सांगितलं होतं की आजोबाच्या चपला लोकांनी काढायला लावल्या, माझ्या मी काढतो. त्यांच्या गाडीसाठी नाही, माझ्या कामासाठी. मुलीला ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुन्हा तिने विषय काढला नाही.

आणि आता हे लोक त्याला म्हणत होते की सांग, चप्पल अडकली.

"मग लिहून घेऊ ना?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई," ग्यानोबा म्हणाला.

अण्णाराव खुर्चीत सावरून बसले. त्यांनी त्याला समजावलं. पोलीस केस मी बघतो, वकील माझा, नोकरी तुझी कायम. नाहीतर ही मोठी कंपनी, तिच्याशी आपण कुठवर भांडायचं? ते अगदी आपुलकीने बोलत होते. त्यांना ग्यानोबाचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. फक्त गाडीही हवी होती.

"मालक, ब्रेक घट्ट व्हतंय हे ठाव असून म्या गाडी काढली. तेवढी चूक माझी हाय, ती म्या पोलिसाला सांगितली, मन्मथच्या बायकूलाबी सांगितली. तुमची किती, ते तुम्ही बघा. पर ह्यांच्या वाटणीची मी घेणार न्हाई." मग तो साहेबांकडे वळला. "डिकी उघडली का तुम्ही?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. ग्यानोबा उठला आणि लंगडत मागच्या दाराने गॅरेजात गेला, तेव्हा त्यांना मागे जावंच लागलं. गाडी कोपऱ्यात उभी होती, तोंड चेपलेलं, जाळीत अजून सोयाबीनचा भुसा अडकलेला. इंजिनिअरांनी ती नीट तपासली होती म्हणे. ग्यानोबाने डिकी वर केली. स्टेपनीशेजारी पोत्याचा तुकडा होता. त्याने तो उलगडून दाखवला. आत त्याच्या चपला होत्या, जळकोटहून निघताना ठेवल्या तशा.

गॅरेजातली पोरं बघत होती. एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. ग्यानोबाने चपला काखेत मारल्या आणि सगळे परत काचेच्या खोलीत आले.

साहेब हुशार होते, त्यांनी वाट बदलायला वेळ लावला नाही. ते म्हणाले, म्हणजे तुम्ही अनवाणी चालवत होतात. हे तर आणखी वाईट. गाडीसोबतच्या पुस्तकात साफ सांगितलंय की पायात नीट बूट हवेत. उघडा पाय पेडलवरून घसरतो. म्हणजे चूक चालकाचीच.

ग्यानोबाच्या तळपायाची आग खरोखरच मस्तकात गेली. चप्पल असती तरी चूक त्याची, नव्हती तरी त्याचीच. ज्या गोष्टीचा त्याने जन्मभर मान ठेवला, तिचाच या पोराने त्याच्याविरुद्ध पुरावा केला होता. तो खाली वाकला, पायाची पट्टी सोडली आणि उजवा पाय उचलून साहेबांच्या चकचकीत टेबलावर ठेवला, चहाच्या कपाशेजारी.

तळपाय काळानिळा, सुजून टम्म झालेला होता. त्यावर मधोमध आडव्या रेघा उमटल्या होत्या, ओळीने, जवळजवळ. ब्रेकच्या रबरावर असतात तशा.

"ह्यो पाय घसरला म्हणता?"

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. "पाय खाली घ्या आधी."

"ग्यानोबा, पाय खाली घे," अण्णाराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. त्यांच्या वडिलांचा आवाज असाच होता. ग्यानोबाने तो लहानपणी बापाचं बोट धरून ऐकला होता.

"घेतो. साहेबांचं बघून झाल्यावर घेतो," तो म्हणाला. "ज्या पायानं तुमची गाडी थांबवायला हाडं मोडून घेतली, त्यो पाय वर ठेवायला मला कुणाची परवानगी नगं. अनवाणी व्हतो असं लिवा. पाय ब्रेकवर व्हता, हेबी लिवा. दोन्ही खरं हाय."

तेवढ्यात बाहेरून केवळाबाई बोलली. हाताचं प्लास्टर दाखवायला तिलाही नांदेडला आणलं होतं, आणि ती दाराबाहेरच्या सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती.

"मला काय दिसत न्हाई, मोतीबिंदू हाय," ती तिथूनच म्हणाली. "पर कान शाबूत हायत. 'माय, धरून बसा, ब्रेक लागंना' असं म्हणला ह्यो. चप्पल अडकलेला माणूस असं म्हणतोय व्हय रे अण्णा?"

"आई, तू गप बस."

"गप बसते. पर त्या नव्या गाडीत मला बसवू नगंस."

साहेबांनी फाइल मिटली. आता कंपनीचे वकील बघतील, तुम्हाला जड जाईल, असं ते म्हणाले. अण्णारावांनी ग्यानोबाकडे न बघताच सांगितलं की उद्यापासून यायचं काम नाही. ग्यानोबाला हे येणार हे ठाऊकच होतं. या वयात आणि या पायाला कोण काम देणार होतं? सरजाबाईला, बायकोला, घरी जाऊन काय सांगायचं तेही त्याला सुचेना. पण पाय टेबलावर ठेवल्याचा पस्तावा त्याने मनात शोधून पाहिला, तो काही सापडला नाही.

तो पट्टी गुंडाळून बाहेर आला. शोरूमच्या पुढच्या अंगणात त्याच मॉडेलची एक गाडी हार घालून उभी होती. हिमायतनगरकडचं एक कुटुंब ती न्यायला आलं होतं. नारळ फुटला होता, चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि त्यांचा ड्रायव्हर किल्ली हातात घेऊन उभा होता. ग्यानोबा त्याच्यापाशी गेला. गार सकाळी ब्रेक घट्ट लागला तर गाडी तिथंच उभी कर, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. हे लोक गाडी धुऊन देतील आणि ठणठणीत आहे म्हणतील. तरी चालवू नको. मी चालवली.

वॉचमन धावत आला आणि म्हणाला, काका, निघा आता. कुटुंबातल्या बाईने नवऱ्याकडे बघितलं. ड्रायव्हरने किल्ली खिशात टाकली आणि खाली वाकून ब्रेकचं पेडल हाताने दाबून पाहिलं.

ग्यानोबा पायरीवर बसून चपला घालायला लागला. डावी गेली. उजवी काही केल्या जाईना, पाय पट्टीने दुप्पट झाला होता. तेवढ्यात अण्णाराव आईला धरून दारातून बाहेर आले आणि पायरीवरच थांबले, कारण वाटेत ग्यानोबा होता.

"हातात घे की ती," अण्णाराव वैतागून म्हणाले.

ग्यानोबाने वर पाहिलं. मग दोन्ही हातांनी चपलेचा पट्टा धरला आणि जोर लावून एका बाजूने उपटून काढला. चपलेच्या उघड्या तळावर सुजलेला पाय ठेवला, पट्टीच्या उरलेल्या टोकाने तो चपलेसकट बांधला आणि उठला. दुखत होतं. दोन्ही पायांत चपला घालून तो अण्णारावांच्या समोरून, फरशीवर फटक फटक आवाज करत, फाटकाकडे चालू लागला.