तुतीच्या ढोलीतले पिंगळे

नणंद-भावजयीचं पटत नाही असं सगळे म्हणतात. आमचं पटायचं. इतकं पटायचं की माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायका आडून आडून विचारायच्या, खरंच का हो, की बाहेरच्यांना दाखवायला? मी म्हणायची, दाखवायला गोड वागायचं तर वेळ नको का, इथे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. आता कोणी विचारत नाही. विचारलं तर मी काय बोलेन याची त्यांना धास्ती असावी, आणि ती खोटी नाही.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली मी आणि नवरा, पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान. वर ताई. ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. नोकरी टेलिफोन खात्यात झाली, नवरा लवकर गेला, एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. निवृत्त झाल्यावर ताई जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायच्या. पोस्टमनसुद्धा आमच्या घराला वळसा घालून जायचा, म्हणजे बघा. घरामागे छोटं अंगण, आणि अंगणात तुतीचं एक जुनं, पोटातून पोकळ झालेलं झाड.

आमचं हे पक्ष्यांचं वेड त्याच झाडामुळे सुरू झालं. झालं असं की संध्याकाळ झाली की माझं मशीन कुरकुरायला लागायचं. चिरचिर, चिरचिर. मी तेल घातलं. थांबेना, म्हणून आणखी घातलं. शेवटी इतकं तेल झालं की शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या कोऱ्या पडद्यावर डाग पडला आणि त्यांनी मला दुकानात चार बायकांसमोर सुनावलं. मग एक दिवस वीज गेली, मशीन बंद, आणि चिरचिर सुरूच. मी तावातावाने मागच्या दारी गेले. वरच्या खिडकीतून ताईही डोकावत होत्या. ढोलीच्या तोंडाशी दोन गोल चेहरे बसले होते आणि माझ्याकडे बघून माना खालीवर करत होते. गिऱ्हाईक कापडाकडे बघतं ना, घेऊ की नको, अगदी तसे.

“अगं, घुबडं गं ती,” ताई वरून म्हणाल्या.

“घुबडं एवढीशी असतात होय? मैना असतील.”

मैना. हसू नका, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. आम्ही दोघी नाक्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे एक दुर्बीण धूळ खात पडली होती आणि पक्ष्यांच्या चित्रांचं एक पुस्तक. पिंगळे आहेत, तो म्हणाला, घुबडांच्याच घरातले, पण चणीने लहान. दुर्बीण आणि पुस्तक दोन्ही आम्ही घेऊन आलो. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी यांचा आपसात काही संबंध असतो, हे आमच्या ध्यानात यायला पुढे बरेच दिवस गेले. ताईंनी एकदा समोरच्या गच्चीवरचा बगळा अर्धा तास पाहिला, त्याच्या संयमाचं कौतुक केलं, आणि वारा आल्यावर बगळा फुगून तारेला अडकला. पिशवी होती. मी हुदहुदला सुतार पक्षी म्हणून त्यांच्याशी आठवडाभर भांडले. चोच लांब आहे म्हणजे सुतारच, माझा हेका. त्यांनी पुस्तक माझ्या नाकासमोर धरलं तेव्हा मी म्हटलं, चित्रच चुकीचं आहे.

माझ्या रागाच्या गोष्टी आमच्या घरात विनोदासारख्या सांगतात. नाकावर राग आहे, मान्य. पण तो येतो तसा जातो. पोटात एक आणि ओठात एक, असं मी कधी केलं नाही.

वसंतात पिंगळ्याची मादी ढोलीत बसून राहायला लागली, तेव्हा ताईंनीच नियम केले. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत. अंधार पडल्यावर मागचा दिवा लावायचा नाही. सकाळी मी बघायचं, संध्याकाळी त्यांनी, म्हणजे सारखी वर्दळ नको. नवऱ्याने एकदा विसरून दिवा लावला तर ताई वरून अनवाणी खाली आल्या आणि आपल्या पन्नाशीच्या भावाला शाळकरी पोरासारखं झापलं. मला कोण आनंद झाला होता. आपल्या बाजूने कोणीतरी आहे, असं त्या घरात मला पहिल्यांदा वाटलं असेल.

पिल्लं पहिल्यांदा ताईंनाच दिसली. मी काजं करत बसले होते, त्या धावत आल्या, मला हाताला धरून खिडकीशी नेलं. पांढुरक्या लोकरीचे दोन गुंडे ढोलीच्या आत हलत होते. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर पिल्लांची रोजची प्रगती मला त्यांच्याकडूनच कळायची. पिसं आली. काठावर येऊन बसायला लागली. पंख पसरून बघतात. “आता थोडेच दिवस,” त्या म्हणाल्या, “या महिन्यात उडतील बघ.” म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त त्यांनाच माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

मग तो रविवार. दुकान बंद. ताई, ज्या नऊच्या आधी अंथरूण सोडत नाहीत, त्या उजाडायच्या आत बूट घालून माझ्या दारात. थर्मास भरलेला, सँडविच बांधून घेतलेली.

“चल, तळ्यावर जाऊ. तुला खंड्या बघायचाय ना?”

खंड्या माझा लाडका पक्षी. गंमत म्हणजे मी तो कधी पाहिलाच नव्हता, फक्त पुस्तकात. ते निळं कापड कुठल्याही गिरणीत निघत नाही, एवढं मी धंद्यातली बाई म्हणून सांगू शकते. तळं आमच्याच वस्तीच्या टोकाला, बसचा शेवटचा थांबा. तरी जाणं होत नव्हतं. मी पटकन तयार झाले. नवरा दारात उभा होता, म्हणाला, सावकाश या, घाई करू नका. एरवी मी भाजीला गेले तरी तीनदा फोन करणारा माणूस.

सगळी सकाळ ताई माझ्याशी इतक्या चांगल्या वागल्या की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. आज दुर्बीण तूच ठेव, त्या म्हणाल्या. बाकावर माझ्यासाठी रुमाल पसरला. ऊन चढलं तेव्हा मी म्हटलं, आता निघू, खंड्या काही येत नाही. तर म्हणाल्या, अजून थोडं थांबू, एवढ्या लांब आलोय. मध्ये त्यांना फोन आला. त्या उठून लांब गेल्या, पाठ करून बोलल्या. परत आल्यावर म्हणाल्या, लेकीचा होता. मला कळायला हवं होतं का? तुम्ही म्हणाल, हवं होतं. पण आपल्याच माणसाच्या चांगुलपणावर संशय घ्यायचा तर मग घरात राहायचं तरी कसं?

आणि खंड्या आला. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर येऊन बसला. मी दुर्बीण लावायचीही विसरले. त्याने सूर मारला, वर आला तो चोचीत मासा घेऊन. ताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. आम्ही दोघी तिथे उभ्या राहून हसत होतो, आणि बाजूचा गळ टाकून बसलेला म्हातारा आमच्याकडे वेड्या बायकांकडे बघावं तसं बघत होता.

घरी आलो तेव्हा दुपार उलटली होती. मी हातपाय धुवायला स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे नको इतका उजेड होता. ओट्यावर ऊन पडलं होतं. त्या ओट्यावर माझ्या लग्नापासून कधी ऊन पडलेलं नाही.

मागच्या दाराबाहेर अंगणभर तुतीच्या फांद्या पसरल्या होत्या. खोडाचे ओंडके झाले होते. नवरा भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. लाकूडतोड्या करवत पुसत होता. तो माझ्याशी नाही, माझ्या मागे आलेल्या ताईंशी बोलला. “माफ करा ताई, तुम्ही म्हणालात परत यायच्या आत उरका, पण खोड जाडजूड निघालं. आणखी थोडा वेळ त्यांना तिकडे थांबवलं असतंत तर सगळं आवरून झालं असतं.”

मी ताईंकडे वळून पाहिलं. त्यांनी पायातले बूटसुद्धा काढले नव्हते.

“पिल्लं?” मी विचारलं.

लाकूडतोड्याने मान खाली घातली. भला माणूस होता, त्याची यात काही चूक नाही. ढोलीत पिल्लं आहेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. फांदी पडली तेव्हा आतून आवाज आला, मग त्याने बघितलं. नळाजवळ एक पुठ्ठ्याचं खोकं होतं. मी ते उघडून पाहिलं आणि परत बंद केलं. पंखांवरची पिसं पुरती आली होती.

मग ताई बोलायला लागल्या. भराभर, टेलिफोनवर बोलायच्या तशा. लेकीचं मोडलं होतं. ती मुलाला घेऊन कायमची परत येणार होती. तिच्यासाठी अंगणात खोली काढायची होती, गवंडी उद्यापासूनच मोकळा होता, नंतर तो पावसाळ्यापर्यंत मिळणार नव्हता. बहीण-भावाने बसून ठरवलं होतं. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. लेकीला माहीत, गवंड्याला माहीत, लाकूडतोड्याला माहीत. एक मीच तेवढी तळ्यावर.

“मला का नाही सांगितलं?”

“तू घर डोक्यावर घेतलं असतंस,” नवरा म्हणाला. “तुझ्या तोंडाला लागायचं कोणी?”

“घेतलं असतं! भांडले असते, ताटं आपटली असती. आणि मग म्हटलं असतं, खोली बांधा, ती माझीही भाची आहे, तिचे फ्रॉक मी शिवलेत. फक्त पिल्लं उडू द्या. गवंड्याच्या मी हातापाया पडले असते. पण मला भांडूही दिलं नाहीत तुम्ही.”

“तुझ्या भल्यासाठीच तुला तिथे नेलं गं,” ताई म्हणाल्या. “डोळ्यांदेखत पडलेलं तुला बघवलं नसतं.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वर पुन्हा तो माझ्या भल्यासाठी कापलेला. इतक्या वर्षांत मी या घरातली झाले असं मला वाटत होतं. ते दोघं त्यांच्या बापाच्या अंगणात उभे होते आणि मी त्यांच्याकडे कामाला आलेली शिवणकाम करणारी बाई होते. मी आत गेले आणि दार लावून रडले. रागाने रडले, दुःखाने नंतर. संध्याकाळी दोन्ही पिंगळे येऊन कुंपणाच्या तारेवर बसले. मी पडदा ओढून घेतला.

पाया खणून झाला, भिंती उठल्या. मी दोन वेळचं करून वाढत होते, कोणाशी बोलत नव्हते. नवऱ्याला सवय आहे, तो वाट बघत होता, राग उतरेल म्हणून. ताईंना मात्र ते सोसेना. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही बघून त्या आत आल्या आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

“किती दिवस असं? चुकलं माझं. हात जोडते. काय म्हणशील ते ऐकून घेते.”

मी सुईत दोरा ओवत होते. म्हटलं, “एकच विचारायचंय. खरं सांगाल?”

“विचार.”

“खंड्याने सूर मारला तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलं होतं. हसत होतात. इकडे काय चाललंय हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं. त्याच्या आधीच तो फोन, लेकीचा नव्हे, यांचा, येऊन गेला होता. ते हसणं खरं होतं, की मला गुंतवून ठेवायला?”

ताईंनी डोळे पुसले. त्यांना वाटलं असावं, आता वाट सापडली.

“खरं होतं गं. अगदी मनापासून. तुझ्या गळ्याची शपथ. त्या घटकेला मला झाडाची आठवणसुद्धा नव्हती.”

मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी एक पळवाट ठेवली होती. त्या म्हणाल्या असत्या, नाटक होतं, आतून जीव जळत होता, तर आज ना उद्या मी बोलायला लागले असते. लेकीसाठी आईने केलेलं नाटक मला समजलं असतं. पण आठवणसुद्धा नव्हती. आणि हे त्या मला दिलासा म्हणून सांगत होत्या.

मी मशीन सुरू केलं. ताई अजून काहीतरी बोलत होत्या, पण मला मुलांच्या पँटी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायच्या होत्या. जरा वेळाने मान वर केली तेव्हा स्टूल रिकामं होतं, आणि मला बरं वाटलं.