डाळीचं वरचं पाणी

नेसरीच्या शांतव्वाच्या शाकाहारी घरात जेवणाचा क्रम ठरलेला. आधी पुरुष, मग पोरं, शेवटी सून. सौंदर्याच्या ताटात डाळीचं वरचं पाणी यायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, हिच्या किडन्या थकल्यात, डाळ कमी द्या म्हणून!

पण दिवाळीपासून तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा नवरा बसवेश तिला कोल्हापूरला न्यायचा. एके दिवशी त्याला जमलं नाही, म्हणून सासू गेली. तिथं आहार सांगणाऱ्या अनुजाताईंनी कपाळाला हात लावला.

"आजी, ते पथ्य डायलिसिसच्या आधीचं. आता रक्त साफ होताना अंगातली प्रथिनंही निघून जातात. रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग द्या. सहा महिने झाले, तुमच्या मुलाला सांगतेय."

शांतव्वानं सुनेकडं पाहिलं. दंडाची पार काठी झाली होती.

"मला का सांगितलं न्हाईस गं?"

"हे नको म्हणले, आत्ती. देवाच्या घरात अंडं चालत न्हाय म्हणले."

देवाचं घर! बायकोला डायलिसिसच्या खाटेवर सोडून हाच पठ्ठ्या खानावळीत मटणाचा पांढरा रस्सा ओरपून यायचा. गावाला ठाऊक होतं, शांतव्वालाही. पुरुषाचं बाहेरचं बाहेर, असं म्हणून तिनं डोळेझाक केली होती.

त्या संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं अंडी उकडली.

"अव्वा, घर बाटवलंस!" बसवेश ओरडला.

"तू रस्सा पिऊन येतोस तवा बाटत न्हाय व्हय रं?"

सौंदर्यानं कसंबसं अर्धं अंडं गिळलं. आठवड्याभरात तिला ताप भरला. जंतुसंसर्ग झाला आणि त्याच्याशी झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

समाचाराला आलेल्या बायका कुजबुजल्या, "अंडं शिजलं घरात. देवाचा कोप, दुसरं काय!" दारातल्या बसवेशनं मान डोलावली.

शांतव्वा भिंतीला धरून उठली. सोप्यातल्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अंड्यानं न्हाय मेली. उपाशी मेली, माझ्या घरात. ह्यानं लपवलं, खरं हाय. पर रोज वाढत कोण हुतं? मीच की!"