बंड्याची पंगत

बेलवलीच्या तुळशीबाईंनी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा ते दोन ओंजळींत मावत होतं. नाव ठेवलं बंड्या. माज मात्र बैलाचा. ताटलीत तोंड घातलं की जवळून कुणी जायची सोय नाही, लगेच गुरगुर. तुळशीबाईंचा नवरा हरिचंद्र, त्याची डावी चप्पल पळवून बंड्याने पलंगाखाली संस्थान थाटलं होतं. चप्पल मागायला हात घातला की आतून दात दिसायचे.

मागच्या खेपेला लेक राजसी अंबरनाथहून आली. तिची रिद्धी नुकती रांगायला लागलेली. ती ताटलीकडे सरकली आणि बंड्या तिच्यावर गुरगुरला. राजसीने पोर उचलली.

"आये, पुढल्या महिन्यात पहिल्या रविवारी परत येते. तेव्हाही हा असाच करणार असेल तर पाड्यावर पोचव त्याला. नायतर आम्ही नाय यायचो."

तुळशीबाईंना नातही हवी होती आणि बंड्याही.

हरिचंद्रने इलाज हाती घेतला. "मालक कोण ते कळाया पायजे त्याला," म्हणत तो बंड्याच्या तोंडची ताटली ओढून घेऊ लागला. मग नुसती हरिचंद्रची पावलं वाजली तरी बंड्या ताटलीवर आडवा पडायला लागला.

"कळलं त्याला मालक कोण ते," तुळशीबाई म्हणाल्या. "तोच."

त्याच आठवड्यात शेजारी हळद होती. पंगतीत एका पोराला वाटलं, हरिचंद्रचं जेवण झालं. त्याने पत्रावळी उचलायला हात घातला. हरिचंद्रने दोन्ही हातांनी ती दाबून धरली आणि पोराकडे असं बघितलं की ते दोन पावलं मागे सरलं. तेवढ्यात मटणाची बादली घेऊन वाढपी आला. तोच हरिचंद्र मागे सरकून बसला, भात बाजूला केला आणि मटणाला जागा करून दिली.

समोरच्या पंगतीत तुळशीबाईंचा घास हातातच राहिला. त्यांना हरिचंद्रात बंड्या दिसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुके बोंबील भाजले. बंड्या जेवत असताना लांबूनच एक तुकडा त्याच्यापुढे टाकला आणि निघून गेल्या. ताटलीला हात लावला नाही. गुरगुरला की आणखी लांबून टाकायचा, शांत राहिला की थोडं जवळ जायचं. हळूहळू त्या ताटलीतच तुकडा वाढू लागल्या. चपलेचंही तसंच. बोंबील दाखवला की चप्पल सुटायची. खाऊन झाला की चप्पल परत त्याला द्यायची.

"माझी चप्पल आहे ती," हरिचंद्र म्हणाला.

"शिकतोय तो. तुमी अनवाणी फिरा थोडं."

ठरलेल्या रविवारी राजसी आली. तुळशीबाईंनी तिला बोंबलाची युक्ती सांगितली आणि बंड्याचा पट्टा हातात धरून त्याला भात दिला. रिद्धी रांगत निघाली. राजसी उठायच्या बेतात. बंड्याने तोंड वर केलं, ताटली सोडली, बाजूला बसला आणि शेपूट हलवत रिद्धीच्या हाताकडे बघू लागला. त्याच्या लेखी वाढपीण आली होती.

रिद्धीने मूठभर भात उचलून तोंडात घातला.

राजसी धावली. रिद्धीने ताटली पोटाशी कवटाळली आणि आळी दणाणून सोडली. हरिचंद्रने ताटली ओढायला हात पुढे केला.

"ओढू नका," तुळशीबाई म्हणाल्या. "वाढा."

हरिचंद्रने आतून गुळाचा खडा आणला. रिद्धीने खडा बघितला आणि ताटली सोडली.

राजसी तिचं तोंड पुसत म्हणाली, "कुणावर गेलीय गं ही?"

तुळशीबाईंनी हरिचंद्रकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

निघायच्या वेळी राजसीची एक चप्पल सापडेना. बंड्या ती पुढ्यात ठेवून दारात बसला होता, कॅम्प चारच्या बाजारातल्या दुकानदारासारखा, गिऱ्हाइकाची वाट बघत.

"आये, बोंबील दे एक," राजसी म्हणाली. "आणि जास्ती भाजून ठेवत जा. आता दर रविवारी लागतील."