चार वाजेपर्यंतची खोली

लिफ्टच्या कंपनीत तिला सगळे पाना म्हणत. सव्वीस वर्षं गावोगावच्या लिफ्ट तपासण्यात गेली होती आणि पर्समध्ये कंगव्याशेजारी एक पाना कायम असायचा. सहकाऱ्यांनी ते नाव चेष्टेनं पाडलं, तिनं ते मिरवलं. महिन्यातले बारा-पंधरा दिवस ती हॉटेलात राही. त्यामुळे दोन-तीन हॉटेल कंपन्यांची सभासद कार्डं तिच्याकडे जमली होती, त्यातलं एक तर सगळ्यात वरच्या दर्जाचं, काळं. बाकीचे लोक त्या कार्डांच्या जिवावर बायकापोरांना समुद्रकिनारी नेऊन आणत. पानाला तेवढी सवड कधी झाली नाही. घरी ती आणि आई, दोघीच. आई चाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. कुठे जाऊ या म्हटलं की म्हणायची, घरात बसायला मिळतंय हीच माझी सुट्टी.

त्या आईला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सहा केमो सांगितल्या, दर तीन आठवड्यांनी एक. हॉस्पिटल मोठ्या शहराच्या उपनगरात, घरापासून पाच तासांवर. पहिल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलाईन. दुसऱ्या दिवशी आठ वाजता रक्त द्यायचं, आणि दुपारी तीनच्या आसपास डॉक्टरांचा फोन येईपर्यंत गाव सोडायचं नाही. तोवर पेशंटनं पडायचं कुठे, याचं उत्तर हॉस्पिटलकडे नव्हतं. बाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती. त्या रांगेत पाय पोटाशी घेऊन, दुसऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झालेली माणसं पानानं पाहिली, आणि त्याच आठवड्यात रजा टाकून ती उपनगरातली हॉटेलं बघायला निघाली.

जवळपास तीन हॉटेलं होती. एक रिंगरोडवरचं उंच, एक तळ्याकाठचं, एक पेट्रोलपंपामागचं. पानानं ती लिफ्ट तपासावी तशी तपासली, म्हणजे माहितीपत्रकावर काडीचाही विश्वास न ठेवता. हातात टेप आणि वही. बाथरूमचा उंबरा किती इंच, नळापाशी धरायला दांडी आहे का, लिफ्टपासून खोलीपर्यंत किती पावलं, नाश्ता किती वाजता बंद होतो. तळ्याकाठच्या हॉटेलातला माणूस सभासदांच्या सवलती भडाभडा सांगत सुटला. आल्याबरोबर सरबत, खोलीत फळांची टोपली, मालिशवर सूट, मोठी खोली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो हळूच "उपलब्धतेनुसार" म्हणे. पानानं तो शब्द वहीत सात वेळा लिहिला. पेट्रोलपंपामागच्या हॉटेलात कार्ड म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा होता, दहा शिक्के झाले की अकरावी रात्र फुकट. माणसं गोड होती, पण बाथरूमला सात इंचांची पायरी होती. उंच हॉटेलात मात्र नियमांच्या छापील पानावर सरळ लिहिलं होतं की काळ्या कार्डाच्या सभासदाला दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत खोली हमखास मिळेल. पुढेमागे कुठेही "उपलब्धतेनुसार" नव्हतं. शिवाय आठव्या मजल्यावर सभासदांसाठी लाउंज, तिथे संध्याकाळी गरम सूप आणि दिवसभर चहा.

घरी आल्यावर तिनं आईला सगळं वाचून दाखवलं. आईनं विचारलं, फळांची टोपली काय मी डोक्यावर घेऊन फिरू? मग म्हणाली, चार वाजेपर्यंत पाय पसरायला मिळतात ना, ते घे.

पहिल्या दोन खेपा छान गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड पाहून लिफ्टजवळची खोली दिली. आईला लाउंज फारच आवडलं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत सूपचा वाडगा घेऊन बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांची हजेरी घेई. ह्याची बाही आखूड, त्याच्या कोटाला पाठीत पोक. दिवसभर सुईखाली काढल्यावर तेवढा अर्धा तास ती पेशंट नसायची. पानालाही ते कळत होतं, म्हणून ती घाई करत नसे.

तिसऱ्या खेपेपर्यंत आईचे केस गेले होते. रुमाल बांधला की डोक्याला खाज सुटायची, म्हणून ती तशीच बसली. भुवयाही विरळ झाल्या होत्या, हातावर सलाईनच्या सुईची पट्टी होती. लाउंजमध्ये त्या दिवशी गर्दी होती. कुठल्याशा पाइपांच्या कंपनीची परिषद दुसऱ्या दिवशी भरणार होती. आईचं सूप निम्मं झालं असेल, तेवढ्यात मॅनेजर आला. कोट कडक, आवाज मऊ. तो पानाकडे झुकून म्हणाला की मॅडम, पाहुण्यांची प्रकृती बघता जेवण खोलीतच पाठवतो, त्यांनाही आराम पडेल आणि इतर पाहुण्यांनाही जरा... पुढचं त्यानं हातानं सांगितलं.

पाना त्याच्याकडे वळली. पण ती तोंड उघडायच्या आत आईनं चमचा खाली ठेवला.

"माझं डोकं बघून कुणाचा घास अडत असेल, तर त्याला त्याच्या खोलीत पाठवा," ती म्हणाली. "मी सूप संपवून उठेन."

मॅनेजर म्हणाला, आजी, गैरसमज करून घेऊ नका. आईनं सांगितलं की मी तुमची आजी नाही, असते तर कोटाची बटणं नीट लावायला शिकवली असती. खरोखरच त्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. आईनं सूप संपवलं, वर आणखी अर्धा वाडगा मागून घेतला. तो तिला जात नव्हता, हे पानाला दिसत होतं. तरी तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि खोलीत जाऊन सगळा ओकून टाकला. पानानं पाठीवरून हात फिरवला. आई तोंड धुऊन म्हणाली, वाया गेलं नाही, कामाला आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त देऊन दोघी परतल्या. आईला झोपवून पाना औषधं आणायला गेली. सव्वाबाराला परत आली आणि दाराला खोलीच्या किल्लीचं कार्ड लावलं, तर लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. तिनं हळूच टकटक केली. आईला भिंत धरत धरत येऊन दार उघडावं लागलं. खाली फोन केल्यावर काउंटरवरची मुलगी चाचरत म्हणाली की बाराला तुमची खोली सिस्टिममधून बंद झालीय, साहेबांनी सांगितलं होतं. पानानं सांगितलं, मग साहेबांना वर पाठवा.

मॅनेजर आला, मागे साफसफाईच्या दोन बायका आणि चादरींची गाडी. परिषदेची माणसं उतरायला लागली होती, त्याला एकेक खोली हवी होती, आणि त्याचा चेहराही रात्रभर न झोपल्यासारखा दिसत होता. त्यानं समजावून पाहिलं. चार वाजेपर्यंतची सवलत सभासदाच्या सोयीसाठी असते, आजारी माणसाच्या विश्रांतीसाठी नाही. खाली लॉबीच्या मागच्या बाजूला सोफा आहे, तिथे बसा, सरबत पाठवतो. पानानं पर्समधून नियमांचं पान काढून उलगडलं आणि त्यातलं आजारी माणसाचं वाक्य कुठे आहे ते दाखवा म्हणाली.

"सगळंच लिहिलेलं नसतं, मॅडम."

"मग जे लिहिलंय तेवढं पाळा. चार वाजता आम्ही जाऊ. चारच्या आत नाही."

तो म्हणाला, मला सिक्युरिटीला बोलवायला लावू नका. पानानं टेबलापाशी असलेली खुर्ची उचलली, दाराच्या चौकटीत ठेवली आणि तीवर बसली. ओरडली नाही, रडली नाही. ह्या हॉटेलातल्या दोन नंबरच्या लिफ्टचं दार मिटताना मधे माणूस आला तरी उशिरा थांबतं, हे तिनं पहिल्याच खेपेला ताडलं होतं. आता त्या एका गोष्टीवर ह्या माणसाला घाम फोडता आला असता. पण ते तिनं तेव्हाच इथल्या मेकॅनिकला सांगून दुरुस्त करून घेतलं होतं, कारण त्या लिफ्टमधून माणसं जातात. धाक दाखवायला तिच्या हातात आता कागदाचं एक पान आणि बुडाखाली एक खुर्ची होती. तेवढं पुरे, असं तिनं ठरवलं. चादरींच्या गाडीवरची एक बाई भिंतीला टेकून निवांत उभी राहिली, जणू तिलाही घाई नव्हती.

एवढ्यात लिफ्टमधून एक जाडसर माणूस बॅग ओढत आला. गळ्यात परिषदेचा बिल्ला. खालून त्याला हीच खोली देऊन टाकली होती. दारात बसलेली बाई, तिच्या समोर मॅनेजर, आत पलंगावर उठून बसलेली, डोक्यावर एकही केस नसलेली म्हातारी, हे सगळं बघून तो बावरला. आतून आईनं त्याला विचारलं, काय हवंय तुम्हाला? तो म्हणाला, काही नाही, दोन वाजता माझं भाषण आहे, शर्ट बदलायचा होता.

"खोली चारपर्यंत आमची आहे," आई म्हणाली. "पण बाथरूम मोकळं आहे. बदलून घ्या, बॅग राहू दे इथे."

त्यानं मॅनेजरकडे पाहिलं, मग पानाकडे. पानानं खुर्ची सरकवून वाट दिली. पाच मिनिटांनी तो धुतलेल्या तोंडानं, नव्या शर्टात बाहेर आला. आईनं त्याला जवळ बोलावून कॉलर सारखी केली आणि सांगितलं की डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, पण स्टेजवरून कुणाला दिसणार नाही. तो हसला. बाहेर पडताना मॅनेजरला म्हणाला की माझी काही तक्रार नाही, मी चारला येतो.

मॅनेजरला आता तिथे उभं राहायला काही कारणच उरलं नाही. तो गेला. गाडी ढकलत त्या दोन बायकाही गेल्या. मघाशी भिंतीला टेकलेली, जाता जाता दोन स्वच्छ टॉवेल पानाच्या मांडीवर ठेवून गेली.

अडीचलाच डॉक्टरांचा फोन आला. रक्त ठीक आहे, निघायला हरकत नाही. पाना बॅग भरायला लागली. आईनं विचारलं, किती वाजले? पानानं सांगितलं, पावणेतीन.

"मग बस," आई म्हणाली.

"अगं, पाच तासांचा रस्ता आहे. अंधाराच्या आत पोचू."

"चार म्हणजे चार. कमी नाही, जास्त नाही."

आई चप्पल घालून, पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली. पाना शेजारी बसली. सव्वा तास दोघी तशाच बसून होत्या. आईला मधेच डुलकी लागली, डोकं पानाच्या खांद्यावर आलं. कित्येक वर्षांत आपण नुसत्या अशा बसलो नव्हतो, असं पानाला वाटलं. बरोबर चारला तिनं आईला उठवलं.

पुढच्या आठवड्यात हॉटेलच्या कंपनीकडून पत्र आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी आणि कार्डावर बक्षिसाचे पॉइंट. काय गैरसोय झाली, याचा त्यात उल्लेख नव्हता. पानानं उत्तर लिहिलं की पॉइंट परत घ्या, आणि लाउंजमध्ये कुणी बसायचं ते लेखी कळवा. मग तिनं वहीतली तुलना स्वच्छ अक्षरात एका मोठ्या कागदावर उतरवली. तिन्ही हॉटेलं, उंबऱ्याचे इंच, कुठल्या रंगाच्या कार्डाला काय मिळतं, त्यातलं काय हमखास आणि काय नुसतं बोलायचं, आणि कुठे भांडावं लागतं. तो कागद तिनं हॉस्पिटलच्या लोखंडी खुर्च्यांसमोरच्या फळ्यावर लावला. तिसऱ्या दिवशी तो कुणीतरी काढला. तिथल्याच एका नर्सनं फोटो काढून ठेवला होता, तिनं तो छापून पुन्हा लावला. असं दोनदा झालं. तोपर्यंत खुर्च्यांवरच्या माणसांनी त्यावर पेननं स्वतःच्या ओळी घातल्या होत्या. पेट्रोलपंपवाल्यांनी पायरीपाशी फळी टाकली, असं एकानं लिहिलं होतं. बऱ्याच घरांतून कुणा ना कुणाकडे असं कार्ड निघालं. कुणाचा जावई औषधं विकायला फिरणारा, कुणाची सून विमा कंपनीत. कार्डं ड्रॉवरमध्ये धूळ खात पडली होती.

चौथ्या केमोच्या वेळी पानानं तळ्याकाठी जाऊ या का, असं विचारून पाहिलं. तिला वाटत होतं, आईला उगाच आणखी त्रास नको. आई म्हणाली की तळ्याकाठी जायला मी काय बदक आहे? माझी खुर्ची जिथे आहे तिथे जायचं.

उंच हॉटेलात काउंटरवरच्या मुलीनं काही न बोलता लिफ्टजवळच्या खोलीचं कार्ड दिलं, आणि स्वतःच्या हातानं त्यावर "चार वाजता" असं लिहून दिलं. संध्याकाळी दोघी लाउंजमध्ये आल्या. आई मुद्दामच रुमाल न बांधता आली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत आधीच कुणीतरी बसलेलं होतं. शाळेतली एक मास्तरीण, तोंडावर मास्क, डोक्यावर एकही केस नाही, शेजारी तिचा औषधं विकणारा जावई. पलीकडे आणखी एक आजोबा, त्यांच्याही हातावर पट्टी. मास्तरीण उठायला लागली, ही तुमची जागा का, म्हणून विचारू लागली. आईनं तिला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं आणि पानाला दुसरी खुर्ची आणायला सांगितली.

मॅनेजर दारापाशी आला. त्यानं तिघा पेशंटांकडे पाहिलं, मग पानाकडे. पानानंही त्याच्याकडे पाहिलं आणि नजर हटवली नाही. तो दोन पावलं आत आला, थांबला, खिशातला फोन काढून त्यात काहीतरी बघितल्यासारखं केलं आणि परत गेला.

आईनं खुर्ची पुढे ओढून घेतली. "सूप घेणार ना?" तिनं मास्तरणीला विचारलं. "मीठ कमी घालतात, पण गरम असतं."