गुडघा बोलेना, म्हणून बाई बोलल्या

मी गुडघ्याला बांधायचा पट्टा बोलतोय. आमच्या बाईंनी, म्हणजे माझ्या मालकांच्या बायकोनं, एकदा नवस बोलला होता: यांच्या गुडघ्याची सरकारी तपासणी असेल त्या दिवशी मी मौन पाळीन, पण देवा, हे दुखणं फौजेतल्या नोकरीतलंच आहे, हे डॉक्टरांना पटू दे.

ताणलं जाणारं जाड कापड, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या आणि मधोमध वाटीपुरतं गोल भोक, असा माझा जन्म. औषधाच्या दुकानातून मालकांकडे आलो. फौजेत पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि गुडघ्यातली गादीही झिजली. चालताना हाडं कर्र वाजायची. बाई म्हणायच्या, तुमच्या आधी तुमचा गुडघाच जिना चढून येतो.

अपंगत्वाचा अर्ज मंजूर झाला, तरच सरकारी खर्चानं शस्त्रक्रिया होणार होती. पण पहिल्या तपासणीला मालकांनी दाराबाहेरच मला सोडलं आणि बाईंच्या पिशवीत कोंबलं. साहेबांसमोर लंगडत कसं जायचं, म्हणे! आत गेले ते छाती काढून. दुखतं का विचारलं, तर ठीक आहे साहेब. अर्ज फेटाळला.

अपिलाच्या तपासणीलाही तेच. ही शेवटची संधी होती. उघड्या दारातून पुन्हा "ठीक आहे, साहेब" ऐकू आलं, तशी पिशवीत बाईंची मूठ माझ्याभोवती आवळली. त्या उठल्या, आत गेल्या आणि मला टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, यांना दुखतं म्हणायची सवयच नाही. जरा खाली बसून उठायला सांगा."

मालक चपापले. "अगं, तुझं मौन आहे ना?"

"होतं. देवाशी मी बघून घेईन."

मालक खाली बसले खरे, पण उठता येईना. बाईंनी आणि डॉक्टरांनी धरून उठवलं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली आणि सगळं नीट विचारलं. तेव्हा कुठे मालकांनी सांगितलं: गस्तीवर दरडीवरून पडलो होतो, तुकडीत माणूस कमी होता, म्हणून तसाच चालत राहिलो.

मंजुरी आली त्या दिवशी मालकांनी कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "आज जरा दुखतंय गं." बाई डोळे पुसत तेल गरम करायला गेल्या. त्यांना एवढं हलकं वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. आता मी दोरीवर वाळतोय. वीण सैल झालीय, काम संपलंय. जाताना एकच मागणं. तुमच्याही घरात कुणी दात आवळून "ठीक आहे" म्हणत असेल, तर त्याच्यासाठी तुम्ही बोला. व्रत मोडावं लागलं तरी बोला. देव रागवत नाही. बाईंनी विचारून घेतलंय.