'हो' एवढंच लिहा

हौशी लोकांनी सोशल मीडियावर टाकलेले फोटो जाहिरातींसाठी स्वस्तात मिळवून देणं, हे भाचीचं काम. खरा फोटोग्राफर परवडत नाही आणि हौसेला मोल नसतं, एवढ्यावर तिचं ऑफिस चालायचं. पडद्यावरचे नखाएवढे फोटो ती भराभर चाळायची, हवे त्यांवर खूण करायची, की फोटोच्या मालकाला आपोआप निरोप जायचा: 'तुमचा फोटो आम्हाला फार आवडला! वापरू का? "हो" एवढंच लिहा.' लोक लिहायचे. आवडला म्हटलं की माणूस हुरळतो, अटी वाचत बसत नाही. हा निरोप तिनेच रचलेला, आणि तिला त्याचा केवढा अभिमान!

एक दिवस मावशीचा फोन आला. आईच्या माघारी हिला मावशीनेच वाढवलं. आता म्हातारी एकटी राहायची आणि खिडकी, चपला, कुंडी असे कशाकशाचे फोटो टाकत बसायची. त्यांना काळं कुत्रं विचारत नसे. भाचीही नाही, दिवसभर फोटो बघून तिचे डोळे विटलेले असायचे.

"अगं, तुमच्या ऑफिसला माझा फोटो आवडला! मी लगेच 'हो' लिहून टाकलं. कुठे लावणार गं?"

"बघते हं," म्हणत तिने फाइल उघडली. खिडकीत कप, कपाभोवती एक सुरकुतलेला हात. खूण तिचीच. गिऱ्हाईक एक वृद्धाश्रम. खाली ठळक अक्षरं: 'यांचं आता कोणीच नाही.'

मावशीने ती ओळ वाचू नये, एवढंच तिला हवं होतं. ती साहेबांकडे धावली.

"साहेब, हा एवढा काढा. माझी मावशी आहे ती."

"मग तर घरचंच काम झालं की!" साहेब हसले. "अहो, छापून गेलं. आणि परवानगी कायमची असते. अट तुम्हीच घातलीत ना?"

फलक लागला तो नेमका मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी, बसथांब्यावर. भाची धापा टाकत पोचली तेव्हा मावशी ठेवणीतले कपडे घालून, चष्मा लावून त्याच्यासमोर उभी होती. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"लिहितात बिचारे काहीबाही," मावशी म्हणाली. "त्यांना काय माहीत! पण तू कप बघूनच ओळखलंस ना? म्हणून तर निवडलास ना माझा?"

कप भाचीनेच आणलेला. कानाचा टवका उडाला होता म्हणून दुकानदाराने स्वस्तात दिलेला. मावशी रोज त्यातूनच चहा प्यायची. फलकावर तो टवका चांगला वीतभर दिसत होता. भाचीचं लक्ष त्याच्याकडे आत्ता गेलं.

"हो," ती म्हणाली.

मावशीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग वळून तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.