पिवळा फोटो

आमच्या गल्लीतले सगळे फोटो माझ्या घरच्या प्रिंटरवर निघतात. फोटोसाठी तालुक्याला, केजला कुणी जात नाही. या कामात मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मात्र कुणी तरी शिकवायला यायला हवं होतं.

शेजारची रोहिणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली होती. तिची तीन वर्षांची तेजू आजीजवळ, म्हणजे भिवराबाईंजवळ राहणार होती. निघायच्या आदल्या दिवशी रोहिणी माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"मंगलताई, माझा एक मोठा फोटो काढून द्या. गेल्या साली कारखान्यावरून आले, तर तेजू मला बघून आजीच्या मागं लपली. 'ही बाई कोन हाय?' म्हनली. आवंदा सासूबाईला सांगून जाते, रोज फोटो दावा म्हनून."

बोलताना ती हसत होती, पण डोळे भरले होते. मला गलबलून आलं. म्हटलं, "असा काढते, की पोरगी रोज त्याच्याशी बोलंल."

तिने मोबाईलवर फोटो पाठवला. कुणाच्या तरी लग्नातला, बायकांच्या घोळक्यातला. माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या फिकट पडद्यावर मी नेमका तिचा चेहरा कापून मोठा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चकचकीत फोटो पेपर घातला, सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बदलला. साध्या कागदाचं सेटिंग राहिलं तर शाई पसरते, हे मी बरेच पेपर वाया घालवून शिकले आहे. फोटो बाहेर आला, तर रोहिणी पिवळीधमक! कावीळ झाल्यासारखी.

निळी शाई अडकली असणार. मी चिडून तो फोटो टेबलाखाली भिरकावला. प्रिंटरचं हेड साफ केलं, तपासणीच्या रेघा काढून पाहिल्या. निळ्या रेघा अखंड होत्या. मशीनचा काही दोष नव्हता, पण माझा त्याच्यावर विश्वास बसेना. पुन्हा साफ केलं, पुन्हा फोटो काढला. पुन्हा पिवळा. तो फाडून टाकला. आता पेपर एकच उरला. शेवटी कॉम्प्युटरवरच सगळा पिवळेपणा काढून टाकला, आणि हात लागलाच आहे तर चेहराही उजळ केला. स्टुडिओवाले करतातच की. शेवटच्या पेपरवर रोहिणी इतकी गोरीपान आली, की मी स्वतःवरच खूश झाले.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी टोळीचा ट्रॅक्टर येऊन थांबला. हॉर्नवर हॉर्न. रोहिणी तेजूला कडेवर घेऊन धावत माझ्या घरात आली, मागून भिवराबाई. मी ऐटीत फोटो पुढे धरला.

तेजूने तो नीट निरखून पाहिला. मग आईला विचारलं, "ही बाई कोन हाय?"

रोहिणीच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"ताई, असा काऊन आला फोटो?"

"अगं, तू लई पिवळी दिसत हुतीस, म्हणून मी..."

"अवो, हळद हाय ती! चुलत नंदेच्या हळदीला बायकांनी माखलं हुतं मला."

म्हणजे प्रिंटर खरं बोलत होता आणि मी त्याला सकाळपासून शिव्या घालत होते. आता पेपर नाही, वेळ नाही.

तेवढ्यात तेजू कडेवरून उतरली आणि टेबलाखाली शिरली. बाहेर आली ती पहिला पिवळा फोटो दोन्ही हातांनी धरून.

"आई!"

रोहिणी तिच्याजवळ खाली बसली. भिवराबाई म्हणाल्या, "वळखलं बया लेकरानं!" माझा जीव भांड्यात पडला.

तेजूने बोटाला थुंकी लावली आणि फोटोतला गाल पुसायला लागली. रोहिणी रोज तिचं तोंड अश्शीच पुसते.

"आई, तोंड धू की. घान झालंय."

"तेजे, शाई पसरंल!" मी ओरडले. पण फोटो सकाळपासून चांगला वाळला होता. शाई जागची हलली नाही.

तेजू पुसतच राहिली. रोहिणी तोंडाला पदर लावून हसत होती, रडत होती. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला तशी ती उठली आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पुसत बस," ती म्हणाली. "येते मी."